पिकअपला ३३ इंची टायर: बसतील हो, पण फिरतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार दारांची पिकअप, पार्ट-टाइम फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना ताकद फक्त गरजेला जोडायची), कंपनीकडून आलेले २६५/६५ आर १७ टायर, पुढे कॉइल आणि मागे पाटे, सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीचं जसंच्या तसं. आता २० इंची अलॉय, माइनस ऑफसेट (चाक बाहेर काढणारी रिम, खाली सविस्तर), त्यावर ३३ इंची मड टायर आणि पुढून स्पेसर, म्हणजे सस्पेन्शनवर जाड चकती, टाकून दोन इंच उचल. हौद्यात माल असतो, अधूनमधून कच्च्या रस्त्याला जाता, आणि विचारताय की बसेल का, काय कापावं लागेल आणि गाडीवर काय परिणाम होईल.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे बाकीचं वाचताना सोपं जाईल. २० इंची रिमचा नाद सोडा, १७ च ठेवा. माल नियमित नेत असाल तर २६५/७० आर १७ घ्या, अगदीच ३३ हवे असतील तर २८५/७० आर १७, पण मग ऑफसेट कंपनीच्या जवळपास ठेवा आणि पुढचं सगळं मोजूनच करा. फोटोत जो सेटअप छान दिसतो तो बहुतेक वेळा रिकाम्या, सपाट जागेवर उभ्या असलेल्या, स्टेअरिंग सरळ असलेल्या गाडीचा असतो, आणि तुमची गाडी तशी फार कमी वेळ असणार आहे.

आकडे बघू. २६५/६५ आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिमी, साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ६५ टक्के म्हणजे १७२ मिमी, अशा दोन बाजू आणि मधे १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमीची रिम, टोटल साधारण ७७६ मिमी, म्हणजे साडेतीस इंच. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिमी येतो, साडेतीन टक्क्यांच्या आत वाढ. २८५/७० आर १७ येतो ८३१ मिमी, ३२.७ इंच, ज्याला सगळे ३३ म्हणतात, आणि ही वाढ ७ टक्के आहे. आता गंमत बघा की २६५/६० आर १८ चा व्यास ७७५ मिमी आहे, म्हणजे तुमच्या आत्ताच्या टायरएवढाच, रिम एक इंच मोठी असून. म्हणून रिम किती इंची हा पहिला प्रश्न नाहीच, पहिला प्रश्न टायरचा बाहेरचा व्यास किती. गाडीच्या गिअरला, ब्रेकला, स्पीडोमीटरला आणि फेंडरला फक्त तोच कळतो, रिमचा आकार नाही.

मग २० का नको? ३३ इंचाचा बाहेरचा व्यास तोच ठेवून १७ च्या रिमवर साईडवॉल जवळजवळ २०० मिमी मिळतो, आणि २० च्या रिमवर २७५/६० घेतला तर १६५. हा ३५ मिमी रबर आणि हवा कच्च्या रस्त्यावर तुमची रिम वाचवते. दगडावर चाक आपटलं की जाड साईडवॉल दबतो आणि सुटतो, पातळ साईडवॉल रिम आणि दगडाच्या मधे चेपला जाऊन आतून फाटतो. हवा कमी करून वाळूत किंवा चिखलात चालवायची असेल तरी उंच साईडवॉलच कामाचा, त्यात दबायला जागा असते. मोठी रिम तेव्हाच घ्यावी लागते जेव्हा पुढचे ब्रेक कॅलिपर छोट्या रिममध्ये मावत नाहीत, आणि तुमच्या गाडीला कंपनीनेच १७ दिली आहे म्हणजे ते मावतातच. तरी नवीन डिझाईनची १७ घेताना आतून कॅलिपर आणि स्पोकमधलं अंतर एकदा चाक चढवून, हाताने फिरवून बघा, कारण व्यास तोच असला तरी स्पोकचा आकार प्रत्येक रिमचा वेगळा.

आता ऑफसेट. सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑफसेट म्हणजे रिमचा जो चेहरा हबला टेकतो तो रिमच्या मधल्या रेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे ते, मिलिमीटरमध्ये. प्लस म्हणजे टेकायची जागा बाहेरच्या बाजूला, म्हणजे चाक गाडीच्या आत जातं. माइनस म्हणजे उलटं, चाक बाहेर येतं. समजा कंपनीची रिम ७.५ इंच रुंद आणि ऑफसेट प्लस ३० आहे आणि तुम्ही ९ इंच रुंद, ऑफसेट शून्य घेतली, तर बाहेरची कड हबपासून ६५ मिमीवरून ११४ मिमीवर जाते, म्हणजे प्रत्येक चाक ४९ मिमी बाहेर. माइनस तर अजून आलाच नाही, शून्यालाच एवढं! आतल्या बाजूला मात्र ११ मिमी जागा उलट वाढते. तीच ९ इंची रिम प्लस २० ऑफसेटची घेतली तर बाहेर २९ मिमी आणि आत ९ मिमी, दोन्हीकडे थोडं थोडं वाटून जातं. तुमच्या गाडीचे खरे आकडे रिमच्या मागच्या बाजूला लिहिलेले असतात, ते वाचा आणि हाच हिशोब करा: रिमची रुंदी मिमीमध्ये घ्या (इंच गुणिले २५.४), निम्मी करा, ऑफसेट वजा केला की बाहेरचं अंतर, मिळवला की आतलं. दोन्ही रिमचं काढा आणि फरक बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या चुका इथेच टळतात.

लोकांना वाटतं चाक बाहेर आलं की फक्त फेंडरच्या बाहेर दिसेल, चिखल उडेल, बस. तसं नाहीये. स्टेअरिंग वळवल्यावर चाक ज्या अक्षाभोवती फिरतं त्यापासून ते लांब गेलं की फिरताना मोठा कमानीसारखा घेर घेतं, आणि म्हणून माइनस ऑफसेटचं चाक पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे फेंडर लायनर (आतलं प्लास्टिकचं अस्तर), पत्र्याची जोड आणि बॉडी माउंटला (बॉडी चेसीजला जोडली जाते ती जागा) घासतं, जिथे तोच टायर स्टॉक ऑफसेटला आरामात फिरला असता. म्हणजे तुम्ही स्वतःच जागा कमी करता आणि मग ती परत मिळवायला बॉडी माउंट कापायला निघता. शिवाय व्हील बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर लोड वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंगला झटके बसतात, रस्त्याच्या चाकोरीत गाडी ओढते. सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला टायरची आतली कड घासत असेल तर ऑफसेट थोडा कमी करावाच लागतो, पण तो गरजेपुरता, १० किंवा १५ मिमी, दिसण्यासाठी ५० नाही. रिमची रुंदीही टायरला मानवणारी हवी, २८५/७० आर १७ ला साडेसात ते नऊ इंच चालते, दहा इंची रिमवर ताणून बसवू नका.

बोल्टचं वर्तुळ जुळलं म्हणजे रिम जुळली असंही नाही. सहा नटांचं १३९.७ मिमी हे पिकअपमध्ये खूप कॉमन आहे, टोयोटा हायलक्सला पण तेच आणि फोर्ड रेंजरला पण तेच, पण हायलक्सच्या हबला रिमचं मधलं भोक १०६.१ मिमीचं लागतं आणि रेंजरच्या हबला ९३.१. रेंजरची रिम हायलक्सवर बसणारच नाही, हायलक्सची रेंजरवर बसेल पण मधे सैल राहील आणि फक्त नटांवर सेंटर होईल, मग हब रिंग टाकावी लागते नाहीतर थरथर जात नाही. फोर्ड एफ-१५० चं वर्तुळ १३५ मिमीचं, फोक्सवॅगनच्या पहिल्या अमारोकला तर पाच नट आणि १२० मिमी. नटाची बैठकही बघा, कुणाची ६० अंशाची निमुळती असते, कुणाची वॉशरवाली सपाट, आणि कंपनीचे सपाट बैठकीचे नट निमुळत्या भोकाच्या आफ्टरमार्केट रिमला लावणं सरळ धोक्याचं आहे, ते पकड धरतच नाहीत. नवीन रिम घेताना त्या बैठकीचे, आपल्या स्टडच्या आट्याचे नट सोबतच घ्या.

आता लिफ्टबद्दल एक गोष्ट जी फार कमी जणांना कुणी नीट सांगतं. सस्पेन्शन उचलल्याने गाडी उभी असताना टायर आणि फेंडरमध्ये जागा वाढते, पण सस्पेन्शन पूर्ण दबतं तेव्हा आर्म किंवा ॲक्सल त्याच बंप स्टॉपला (सस्पेन्शनला शेवटी अडवणाऱ्या रबराला) जाऊन टेकतो जिथे आधी टेकत होता, त्यामुळे टायर फेंडरमध्ये तितकाच वर जातो जितका आधी जायचा. म्हणजे दोन इंच उचललेली गाडी रिकामी असताना घासणार नाही, आणि माल भरून, स्टेअरिंग वळलेलं असताना खड्ड्यात गेली की घासेल, तेही जोरात. हे टाळायचे उपाय म्हणजे छोटा टायर, नाहीतर बंप स्टॉप थोडा लांब करणं (मग सस्पेन्शनचा प्रवास कमी होतो), नाहीतर बॉडी लिफ्ट (चेसीजवरून फक्त बॉडी उचलणं), नाहीतर कापाकापी. नुसता स्पेसर हे उत्तर नाही.

आणि स्पेसरही समजून घ्या, पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉक ॲब्सॉर्बरची एकत्र जोडी) वर साधारण एक इंच जाडीचा स्पेसर टाकला की चाकाशी दोन इंचाच्या आसपास उचल होते, कारण स्ट्रट लोअर आर्मला मधे कुठेतरी जोडलेला असतो. कोणी दोन इंच उचलीसाठी दोन इंची स्पेसर देत असेल तर तिथून उठा. जास्त झालं की चाक लटकतं तेव्हा बॉल जॉइंट टोकाला जातो, वरचा आर्म कॉइलला लागतो, पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढून त्याचे रबरी बूट फाटतात. उचलल्यावर कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि स्टेअरिंग हलकं, भटकणारं वाटतं, म्हणून अलाइनमेंट करतानाच सांगा की कॅस्टर शक्य तेवढा परत आणा, आणि लोअर आर्मच्या कॅम बोल्टने चाक थोडं पुढे सरकवता येत असेल तर सरकवा, मागे घासणाऱ्या गाडीला ते काही मिलिमीटर खूप उपयोगी पडतात.

एक गैरसमज ग्राउंड क्लिअरन्सचा. व्यास ५५ मिमी वाढला की गाडी त्याच्या निम्मीच उचलते, २७ मिमी. आणि मागचा ॲक्सल सरळ असल्यामुळे डिफरन्शियलचा गोळा फक्त टायरनेच वर जातो, लिफ्टने बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच.

लोड हा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तुम्ही तो विचारलेलाच नाही. कंपनीच्या टायरवर साईजच्या पुढे ११२ असा काहीतरी आकडा असेल, तो लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११० म्हणजे १०६०, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. मागच्या ॲक्सलची क्षमता दाराजवळच्या प्लेटवर असते, तिच्या निम्म्यापेक्षा टायरचा आकडा वर हवा, आणि कंपनीने दिलेल्या इंडेक्सच्या खाली कधीच जायचं नाही. मोठा दिसणारा टायर जास्त वजन पेलतोच असं नाही, काही २० इंची शोचे टायर स्टॉकपेक्षा कमी लोडचे असतात. रिमलाही स्वतःचं मॅक्स लोड असतं, मागे कोरलेलं असतं, ते लिहिलेलंच नसेल तर ती रिम माल नेणाऱ्या गाडीला घेऊ नका. आणि उलट बाजूने, १२१ चे टायर लावले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही, पाटे, ॲक्सल, ब्रेक तेच आहेत.

एलटी (लाइट ट्रक) टायर, म्हणजे साईजच्या आधी किंवा नंतर एलटी लिहिलेले, जाड कारकॅसचे, म्हणजे आतल्या सांगाड्याचे, असतात आणि दगडधोंड्यात खरंच चांगले, पण त्यांना तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा त्यांना लागू नाही. टायर कंपनीच्या लोड आणि हवेच्या तक्त्यात आपल्या साईजसमोर बघा आणि माल असताना किती, रिकामं असताना किती हे दोन आकडे लिहून ठेवा. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर खडूची आडवी रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडं चालवून बघितलं की पण अंदाज येतो, मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडांचाच गेला तर कमी. मात्र माल भरलेल्या गाडीला तक्त्याखाली जाऊ नका, खडू काहीही सांगू दे.

ब्रेक आणि गिअर हे दोन्ही एकाच गणितातून येतात. त्रिज्या ७ टक्के वाढली की तोच ब्रेक तेवढाच दाबून जमिनीवर सुमारे ७ टक्के कमी जोर देतो, आणि त्यात चाकाचं वजन वाढतं ते वेगळं. स्टॉक टायर-रिमच्या तुलनेत जाड ३३ इंची मड टायर आणि जड अलॉय मिळून दर चाकाला आठ-दहा किलो सहज वाढतात, तेही घेराजवळ, जिथे ते फिरवायला आणि थांबवायला सगळ्यात जड. मोकळ्या गाडीला चालून जातं, भरलेली गाडी उतारावर असेल तेव्हा फरक स्पष्ट जाणवतो. मोठे टायर लावताना ब्रेक पॅड, मागचे शू, ब्रेक ऑइल हे सगळं चांगल्या स्थितीत असणं मी अट म्हणूनच सांगतो, आणि पॅड संपत आलेले असतील तर टायरच्या आधी ते.

गिअरचं असं की डिफरन्शियलचा रेशो (ड्राइव्हशाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक) ४.१० असेल तर ७ टक्के मोठ्या टायरवर तो ३.८३ असल्यासारखा वागतो. गाडी वेग हळू पकडते, ऑटोमॅटिक सारखा खालीवर गिअर शोधतो, टॉप गिअर चढावर टिकत नाही, आणि लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे हळू, ताकदीचे गिअर) खडकावर हळू उतरायची क्षमता कमी होते. पहिल्यासारखं हवं तर ४.३९ लागेल, म्हणजे बाजारातल्या रेशोंपैकी ४.३० किंवा ४.५६, आणि फोर बाय फोर असल्याने पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात. ३.४ टक्क्यांच्या वाढीला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणूनच मी २६५/७० म्हणतोय.

स्पीडोमीटरबद्दल, ७ टक्के मोठ्या टायरवर काटा १०० दाखवेल तेव्हा जुन्या हिशोबाने १०७ असेल. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नसतो, म्हणून बऱ्याच गाड्या मुळात थोडा जास्तच दाखवतात, त्यात तीन-साडेतीन टक्के बऱ्याचदा जिरून जातात पण सात जिरतीलच असं नाही. जीपीएसवर ताडून बघा आणि गाडीत टायर साईज प्रोग्रॅम करता येत असेल तर करून घ्या. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे मायलेज जेवढा पडल्यासारखा दिसतो तेवढा पडलेला नसतो, ओडोच्या आकड्याला १.०७ ने गुणा आणि मग बोला. तरी खरा फटका बसतोच, मड टायरचे ठोकळे आणि वजन मिळून, आणि आवाज पण. तुमचा बहुतेक प्रवास डांबरीवर असेल तर ऑल टेरेन घ्या, मड टायर ओल्या डांबरीवर ब्रेक मारताना कमी पकडतात.

घासतंय का ते बघायची पद्धत सांगतो. सगळे टायर घेण्याआधी एक जोडी मिळाली तर तीच पुढे चढवा, सपाट जागेवर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, रिव्हर्समध्ये पण, कारण रिव्हर्सला चाक थोडं वेगळं सरकतं. मग एक पुढचं चाक रॅम्पवर किंवा मजबूत उंचवट्यावर चढवा म्हणजे ती बाजू दबेल, हौद्यात नेहमीचा माल ठेवा, आणि परत स्टेअरिंग वळवून बघा, दुसरी बाजू तशीच. आत लायनरवर आणि बॉडी माउंटवर खडू किंवा ओली माती लावून ठेवली की कुठे लागतंय ते लगेच दिसतं. या वेळी गाडीखाली कोणी जायचं नाही, दुसऱ्याने बाहेरून बघायचं. फक्त प्लास्टिक लायनरला टेकत असेल तर हीट गनने मागे दाबून, क्लिप बदलून भागतं. पत्र्याच्या जोडीला लागत असेल तर ती हातोडीने सपाट करून रंग आणि सीलंट लावता येतं, रंग राहिला तर तिथून गंज सुरू. बॉडी माउंट कापून परत वेल्ड करणं हे चेसीजवरचं काम आहे, ते अनुभवी वेल्डरचंच, आणि ते करायची वेळ आली तर माझं म्हणणं एक साईज खाली या. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर मात्र प्रत्येक स्थितीत हाताने तपासा, तिथे टायर लागणं अजिबात चालणार नाही.

टायर पाच घ्या, चार नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोर मध्ये पुढचा-मागचा व्यास वेगळा असेल तर फोर एच (फोर बाय फोरची हाय रेंज) टाकल्यावर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) आणि ड्राइव्हलाइन पिळवटते, म्हणून चारही सारखे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. स्टेपनी हौद्याखाली लटकते तिथे ३३ मावतो का हे आधी मोजा, बऱ्याच गाड्यांत तो बंपरला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागतो. मावत नसेल आणि जुनी छोटीच ठेवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की ती लिमिटेड स्लिप किंवा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवायला लावणारा डिफरन्शियल) असलेल्या ॲक्सलला लावायची नाही, मागे पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक मागे लावा आणि छोटी पुढे, फोर बाय फोर बंद, हळू, आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच. टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर जुन्या रिममधून काढून नवीनमध्ये घालून घ्या.

तुमच्याकडे टायरच्या व्यासाला आणि फेंडरबाहेर येणाऱ्या चाकाला काय मर्यादा आहे ते नोंदणीच्या नियमात बघा, आणि विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा, बऱ्याच ठिकाणी बाहेर आलेलं चाक झाकावं लागतं.

बसवताना नट हाताने आट्यात घ्या, मग समोरासमोरचे अशा क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळा, शेवटचा पीळ टॉर्क रेंचनेच, तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत ठोकू देऊ नका, स्टड ताणले जातात आणि डिस्क वाकडी होऊन ब्रेकला थरथर येते. हबच्या चेहऱ्यावरचा गंज आधी वायर ब्रशने साफ करून घ्या, नाहीतर रिम नीट टेकत नाही. ८० ते १५० किलोमीटर झाले की थंड गाडीवर परत एकदा सगळे नट टॉर्कला तपासा, नवीन अलॉयला हे लागतंच, आणि पहिला माल भरून आल्यावर लायनर, साईडवॉलची आतली बाजू आणि सीव्ही बूट टॉर्च मारून बघा. तुमच्या रिमच्या मागचा ऑफसेट, रुंदी आणि दाराच्या प्लेटवरचं मागच्या ॲक्सलचं वजन कळवा, मग अमुक रिम घ्या असं नेमकं सांगता येईल.